मालकांच्या १३ गोळ्या कशा सांभाळायच्या? आधी १३ च्या १३ लागतात का ते बघा

काकू नमस्कार. तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं, की मालक ७६ चे, बीपी आणि शुगर जुनी, दोन वर्षांपूर्वी मिरजेत हार्टच्या नळीत स्टेंट (जाळी) टाकलाय, प्रोस्टेटचा त्रास आहे, गेल्या महिन्यात दम लागला म्हणून ॲडमिट होते, हृदयाचं पंपिंग कमी आहे असं सांगितलंय आणि घरी आल्यापासून दिवसाला १३ गोळ्या. घेतो म्हणतात आणि बंडीच्या खिशात टाकतात, कधी एकच गोळी दोनदा घेतात, विचारलं की अंगावर येतात. मुलगा पुण्याला, त्यानं मोबाईलवर अलार्म लावून दिलेत, ते नुसते वाजतात. तर हे सगळं लक्षात कसं ठेवायचं.

मी फार्मासिस्ट, सांगलीत मेडिकल चालवतो, पंचवीसेक वर्षं काउंटरवर गेली. रोज असं एखादं तरी जोडपं येतंय, त्यामुळं सरळच सांगतो, लक्षात ठेवायचं नंतर बघू. १३ गोळ्या वेळच्या वेळी देणं ही दुसरी पायरी झाली, पहिली पायरी म्हणजे त्यातल्या खरंच किती लागतात, किती डबल चालल्यात आणि कुठली कशासाठी आहे हे एकदा कुणीतरी एका जागी बसून बघणं. हे कुणी करतच नाही. सगळे थेट डबीवर आणि अलार्मवर येतात.

तर घरातली सगळी औषधं गोळा करा, म्हणजे सगळी. फ्रीजच्या दारातली, फळीवरची, त्यांच्या उशाखालची, बंडीच्या खिशातली, मागं कधीतरी आणलेली खोकल्याची बाटली, कुणा पाव्हण्यानं दिलेलं गुडघ्याचं चूर्ण, सगळं एका पिशवीत घाला. फायली पण. आपल्याकडं पेशंटची एक फाईल नसतेच, हार्टचे डॉक्टर मिरजेत, शुगरचे सांगलीत, लघवीचे कोल्हापुरात आणि ताप-सर्दीला गावातले, प्रत्येकाची पिशवी वेगळी आणि एकानं काय लिहिलंय ते दुसऱ्याला ठाऊक नाही. ती पिशवी घेऊन आधी जवळच्या मेडिकलमध्ये जा, पण दुपारी जा, संध्याकाळी ओपीडीच्या टायमाला गेलात तर कुणीच नीट बघणार नाही, मी पण नाही.

पिशवी काउंटरवर ओतली की काय निघतं ते एक उदाहरण सांगतो. एक मावशी आल्या, त्यांच्या मिस्टरांच्या डिस्चार्जच्या कागदावर टेल्मा-एएम लिहिलेली आणि घरात आधीपासूनची ॲमलाँग चालूच होती, कारण ती बंद करा असं कुणी तोंडानं सांगितलं नव्हतं. आता टेल्मा-एएम मधलं एएम म्हणजे ॲमलोडिपिन, आणि ॲमलाँग म्हणजे पण ॲमलोडिपिनच, म्हणजे एकच औषध दोन नावांनी पोटात जात होतं. त्यानं घोटे सुजलेले, उभं राहिलं की चक्कर. आणि पायाला सूज दिसली म्हणून दुसरीकडं दाखवलं तर तिथं सूज उतरायला लघवीची गोळी लिहून दिलेली, लघवी जास्त व्हायला लागली म्हणून रात्रीची झोप गेली, झोप नाही म्हणून झोपेची गोळी. चार गोळ्या, मूळ कारण एक. ह्यात वाईट कुणाचंच नव्हतं, प्रत्येकानं समोर दिसलं त्यावर औषध दिलं. डॉक्टरांना दाखवल्यावर त्यांनी दोन मिनिटांत जुनी बंद केली आणि बाकीच्या हळूहळू उतरवल्या.

म्हणून स्ट्रिप वाचायला शिका, अवघड नाही. ब्रँडचं नाव सोडून द्या, त्याच्याबरोबर 'आयपी' असं लिहिलेलं एक नाव असतं, टेल्मिसार्टन आयपी ४० एमजी असं काहीतरी, ते खरं औषध. अक्षर दिसत नसेल तर मोबाईलनं फोटो काढायचा आणि दोन बोटांनी मोठा करून बघायचा. दोन वेगळ्या पाकिटांवर ते आयपीवालं नाव सारखं दिसलं की थांबायचं आणि विचारायचं. ब्रँडच्या शेपटाकडं पण लक्ष ठेवा, टेल्मा वेगळी, टेल्मा-एच वेगळी (एच मध्ये लघवी वाढवणारं औषध असतं), ग्लायकोमेट वेगळी आणि ग्लायकोमेट-जीपी वेगळी, जीपी मध्ये ग्लिमेपिराइड असतं आणि ते शुगर एकदम खाली आणू शकतं. दुकानात पोऱ्याला नुसतं 'टेल्मा द्या' म्हणू नका, जुनी स्ट्रिप दाखवा.

मग एका कागदावर यादी करा. औषधाचं खरं नाव, पॉवर, कधी घ्यायची, कुणी चालू केली, कधीपासून, आणि कशासाठी. हा 'कशासाठी' चा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, कारण १३ गोळ्यांत दोन-तीन तरी अशा निघतात की तिथं काय लिहायचं ते घरात कुणालाच सांगता येत नाही. त्या रिकाम्या राहिलेल्या गोळ्या घेऊन डॉक्टरांकडं जायचं. स्वतः बंद करायच्या नाहीत हां, हे आत्ताच सांगून ठेवतो, स्टेंटवाल्या माणसाची रक्त पातळ करायची गोळी मनानं बंद केली तर स्टेंटमध्ये गाठ होऊन अटॅक येऊ शकतो, आणि झोपेची गोळी बरेच महिने चाललेली असली तर ती पण एका दिवसात तोडायची नसते.

तुमच्या केसमध्ये मी डॉक्टरांना विचारलं असतं ते असं. एक, स्टेंट टाकून दोन वर्षं झाली, अजून इकोस्प्रिन आणि क्लोपिडोग्रेल ह्या रक्त पातळ करायच्या दोन्ही गोळ्या चालू ठेवायच्यात का? साधारण सहा महिने ते वर्षभर दोन्ही देतात आणि मग बऱ्याच जणांना एकीवर आणतात, पण काहींना मुद्दाम पुढं चालू ठेवतात, ते हार्टवाल्यांनीच सांगायचं. त्याला जोडूनच गॅसची गोळी, दोन्ही पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर पोटाला संरक्षण म्हणून ती लागते, एक बंद झाली तर तिचाही विचार होईल. दुसरं, शुगर किती खाली ठेवायची? ७६ वयाच्या, हार्टच्या माणसाची शुगरची तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) साडेसहावर आणायचा हट्ट सहसा धरत नाहीत, साडेसात-आठ पर्यंत चालवून घेतात, कारण ह्या वयात शुगर वाढण्यापेक्षा एकाएकी पडण्याची भीती जास्त. मग जीपी ची गोळी कमी पॉवरची होऊ शकते का, हे विचारा. तिसरं, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) शेवटचं कधी केलं, कारण मेटफॉर्मिनपासून (ग्लायकोमेटमधलं शुगरचं औषध ते) बीपीच्या गोळीपर्यंत बऱ्याच गोळ्यांचा डोस किडनीवर ठरतो. आणि मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल आणि तळपायाला मुंग्या येत असतील तर बी-१२ तपासायचं का, कारण ती गोळी बी-१२ कमी करते आणि आपण सगळं शुगरच्या नावावर ढकलतो.

आता चिठ्ठीवर नसलेली औषधं. खरा घोटाळा इथं असतो. गुडघे दुखतात म्हणून दुकानातनं नुसती 'दुखायची गोळी' मागून घेतात, ती बहुतेक वेळा डायक्लोफिनॅक किंवा ॲसिक्लोफिनॅक असते. बीपीची टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि वर ही दुखायची गोळी, तिन्ही एकत्र आल्या की म्हाताऱ्या माणसाची किडनी बसू शकते, शिवाय अंगात पाणी साठून दम वाढतो, आणि इकोस्प्रिन चालू असताना पोटात रक्तस्राव व्हायची भीती वेगळीच. काकांना दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, ती पण डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात, आणि शेक. सर्दीची गोळी पण तशीच, बऱ्याच सर्दीच्या गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असतं आणि प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी त्यानं अडू शकते, रात्री दोन वाजता कॅथेटर (लघवीची नळी) टाकायला पळावं लागतं ते उगं नाही. चूर्णाचं म्हणाल तर ज्या पुडीवर काय घातलंय ते लिहिलेलं नाही आणि जिच्यानं दोन दिवसांत गुडघा एकदम गप्प झाला, तिच्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही, असल्या पुड्यांत स्टेरॉईड सापडलेली आहेत आणि स्टेरॉईडनं शुगर भडकते. आणि गावाकडचं ते अशक्तपणाचं सलाईन! पंपिंग कमी असलेल्या माणसाला बाटलीभर पाणी शिरेतनं भरलं की दम लागणारच. कुणी कितीही मायेनं म्हणालं 'एक बाटली लावू, तरतरी येईल' तर हात जोडायचे आणि हार्टच्या डॉक्टरांना फोन करायचा.

बरं, यादी झाली, डॉक्टरांनी बघून कमी-जास्त केलं, मग डबी. सात दिवसांची, दिवसाला चार खण असलेली प्लॅस्टिकची डबी मेडिकलमध्ये मिळते, ती घ्या. आठवड्यातनं एकदाच भरायची, रविवारी दुपारी जेवण झाल्यावर, उजेडात. गोळ्या आधीच सोलून ठेवू नका, स्ट्रिप कात्रीनं एक-एक गोळीची कापून फॉइलसकट खणात टाका, कारण आपल्याकडं पावसाळ्यात दमट हवेनं काही गोळ्या मऊ पडतात. कापताना एक्सपायरी आणि नाव छापलेली बाजू शेवटपर्यंत राहील अशी दुसऱ्या टोकानं सुरुवात करा, माझ्याकडं निम्मे लोक नेमका तोच भाग पहिल्यांदा कापून आणतात आणि मग 'ही कशाची हो?' म्हणून विचारतात. पण एक, कापलेल्या फॉइलला धार असते, गोळी त्यातनं बाहेर काढूनच हातात द्यायची. नजर कमी झालेल्या माणसानं फॉइलसकट गिळलं आणि ते घशात रुतलं असं घडतं. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट दिली असेल तर ती डबीत नको, ती वेगळी, हाताशी, आणि बसूनच घ्यायची, उभ्यानं नाही.

गोळी मोठी आहे म्हणून फोडून, कुटून देता का? मेटफॉर्मिनवर एसआर किंवा ईआर (म्हणजे औषध हळूहळू सोडणारी) लिहिलेलं असेल तर ती फोडायची नाही, दिवसभराचा डोस एकदम उतरतो. इकोस्प्रिनवर पण कवच असतं. (ह्या एसआर गोळीचा टरफलासारखा सांगाडा कधी कधी शौचातनं तसाच पडलेला दिसतो, लोक घाबरून येतात की गोळी पचलीच नाही, तर औषध आत उतरलेलं असतंय, नुसतं कवच बाहेर येतं.) गिळताना ठसका लागत असेल, पाणी नाकातनं येत असेल तर ते वेगळं प्रकरण आहे, डॉक्टरांना सांगा, पातळ औषध मिळतं का बघता येईल.

वेळेचं म्हणाल तर घड्याळापेक्षा घरच्या कामाला गोळी बांधा. उठल्यावर गॅसची, मग अर्ध्या तासानं नाष्टा, जीपीची गोळी नाष्ट्याच्या अगदी आधी, इकोस्प्रिन जेवण झाल्यावर, प्रोस्टेटची रात्री जेवल्यावर. ही प्रोस्टेटची गोळी बीपी पाडते, म्हणून रात्री लघवीला उठताना आधी कॉटवर बसायचं, पाय खाली सोडून मिनिटभर थांबायचं आणि मग उभं राहायचं, आणि वाटेत एक झिरोचा बल्ब जळत ठेवा. एखादी गोळी चुकली तर पुढच्या वेळी दोन द्यायच्या नाहीत. आणि 'घेतली का नाही' अशी शंका आली तर डबीचा खण बघायचा, रिकामा असेल तर घेतली, विषय संपला. दोनदा घेणं बंद होतं ते असं.

आता खिशात टाकण्याचं. मला हा विसरभोळेपणा वाटत नाही, विसरणारा माणूस गोळी ताटाशेजारी ठेवून उठतो, खिशात लपवत नाही. जन्मभर घर चालवलेल्या माणसाला बायकोनं चार वेळा 'घेतली का?' विचारणं लागतं काकू, तुम्ही मायेनं विचारता आणि त्यांना हजेरी घेतल्यासारखं वाटतं. म्हणून रविवारी डबी त्यांनाच भरू द्या, तुम्ही शेजारी बसून यादी वाचा आणि ते टाकतील, घरातलं औषधांचं खातं त्यांच्याकडं द्या. आणि कुठली गोळी खिशात जाते ते चार दिवस गपचूप बघा. माझा अंदाज, लघवीची असेल. सकाळी ती घेतली की दोन-तीन तास दर वीस मिनिटांनी जावं लागतं, मग पारावर बसायचं कसं, तासगावला बाजारला एसटीनं जायचं कसं? धोतरात भिजायची लाज असते, ते तुम्हाला सांगणार नाहीत. बाहेर जायच्या दिवशी ती गोळी परत आल्यावर, दुपारी दोनपर्यंत घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारा, बऱ्याचदा चालतं म्हणतात, फक्त संध्याकाळी नको, रात्रभर उठबस होईल. एवढ्या एका बदलानं भांडण मिटलेली घरं मी बघितलीत.

पण तुम्ही लिहिलंय त्यातली एक गोष्ट मला खटकली, की हॉस्पिटलमधनं आल्यापासून चिडचिड वाढलीय आणि मधनंच घोळ घालतात. हे आधी नव्हतं आणि महिन्यात सुरू झालं असेल तर वयावर ढकलू नका. लघवीच्या गोळ्यांनी, विशेषतः त्या 'एच' वाल्या औषधानं रक्तातलं सोडियम कमी होतं, १३५ च्या खाली गेलं आणि उतरत राहिलं की माणूस गोंधळतो, चालताना झोक जातो, बरळतो. साधी रक्ताची तपासणी आहे, आठवड्याच्या आत करा. मनानं मीठ वाढवू नका मात्र, हार्टच्या माणसाला ते उलट पडतं.

शुगर पडणं ओळखायला शिका. घाम, थरथर, एकदम भूक, किंवा नुसतंच गप्प होऊन भलतंच बोलणं. मीटरवर ७० च्या खाली दिसलं, किंवा मीटर हाताशी नसलं तरी, तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजायची, पंधरा मिनिटांनी परत बघायचं, कमीच असेल तर पुन्हा तेवढीच, आणि नंतर पोळी-भाजी काहीतरी खायला घालायचं. घरचा बेदाणा आहे म्हणून बेदाणा देत बसू नका, चावण्यात वेळ जातो. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट १०८. जीपीच्या गोळीनं पडलेली शुगर साखर दिल्यावर वर येऊन काही तासांनी परत पडू शकते, म्हणून 'बरं वाटलं' म्हणून झोपवून टाकू नका, डॉक्टरांना कळवा. आणि एकादशी! उपास धरायचा आणि गोळी तशीच घ्यायची हे सगळ्यात वाईट. आषाढीच्या आधी विचारून ठेवा, नाहीतर उपासच सोडा, विठोबा काही रागवायचा नाही.

पुढंमागं इन्सुलिन चालू झालं तर एकच गोष्ट आत्ता सांगतो. बाटलीवर ४० आययू लिहिलंय का १०० ते बघायचं, ४० च्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज, १०० ला केशरी टोपणाची. अदलाबदल झाली तर डोस अडीचपट इकडं-तिकडं होतो.

रोज सकाळी लघवी झाल्यावर, नाष्ट्याआधी वजन करून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नव्हे, पाणी आहे, दम लागायची वाट न बघता फोन करा. जुलाब-उलट्या लागल्या तर उलटी अडचण, त्या दिवशी लघवीची, बीपीची आणि मेटफॉर्मिन थांबवायची का ते फोनवर विचारून घ्या.

पैशाचं. ७० च्या वरच्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत, ऑक्टोबर २०२४ पासून. काकांचं काढून ठेवा, पण ते ॲडमिट होण्यासाठी आहे, महिन्याच्या गोळ्या त्यात येत नाहीत. गोळ्यांसाठी जनऔषधी केंद्र बघा, खर्च चांगलाच उतरतो (माझ्याच धंद्याविरुद्ध बोलतोय, असू दे). फक्त तिथनं आणली की रंग-आकार बदलतो, तेव्हा डबीतली जुनी गोळी आधी काढा आणि मगच नवी घाला.

तुमची थायरॉईडची एकच गोळी आहे म्हणता आणि ती चहाबरोबर घेता असं दिसतंय. ती निव्वळ पाण्याबरोबर, चहाच्या आधी निदान अर्धा तास, आणि कॅल्शियमची घेत असाल तर तिच्यात नि ह्यात चार तासांचं अंतर. ह्यांच्या १३ च्या नादात तुमची एक राहते, तुमचीही डबीशेजारीच ठेवा.

मोबाईलचे अलार्म बंद करून टाका, फोन आतल्या खोलीत चार्जिंगला आणि तुम्ही चुलीपाशी, त्याचा उपयोग शून्य. मुलाला दुसरं काम द्या. रविवारी भरलेल्या डबीचा आणि यादीचा फोटो त्याला पाठवायचा, त्यानं पुण्यात बसून जुळवायचा, आणि अपॉइंटमेंटच्या दिवशी व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांशी बोलायचं. यादी झाली की मलाही दाखवा, डॉक्टरांचं नाव नको, औषधाचं आयपीवालं नाव, पॉवर आणि वेळ एवढंच. आणि क्रिएटिनिन, सोडियमचे आकडे तारखेसकट लिहा, ते नसतील तर मला निम्मंच सांगता येईल.